तक्रारीच्या खिडकीपुढचं पान

दोन्ही बाजूंना गवताच्या खुंटांशिवाय काही नाही आणि वारा कान कापून नेतो, अशा ठिकाणी पठारावर निळी बस थांबली. सोन्याचा दात असलेला कंडक्टर रेम्बेर्तो बाकांमधल्या वाटेत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चला, सणाचे जादा पैसे काढा. माणशी तीस पेसो. ज्याला द्यायचे नसतील त्याच्यासाठी दार उघडं ठेवलंय."

दार खरंच उघडं होतं. सकाळचे सात वाजले होते, बाहेर डबक्यातलं पाणी गोठलेलं होतं. तिकिटावर तीस छापले होते आणि ला पासच्या स्थानकावर सगळ्यांनी तीसच मोजले होते. चाळीस माणसांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग खाली बघून पिशव्यांत हात घातले. लोक चिडतात ते घरी पोचल्यावर. बसमध्ये ते नुसते सुटे शोधतात.

प्लासिदो चोकेनेही दिले. वय त्रेसष्ट, ला पासमधल्या एका गोदामाचा रात्रपाळीचा पहारेकरी, आणि जन्मभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस. त्याने खिशातले चौतीस पेसो बाहेर काढले, तीस दिले, चार परत ठेवले, आणि मगच मनाशी हिशेब केला. ओरुरोला उतरून पुढे गावी, चुल्यारीच्या गाडीला आज पंधरा पडणार होते आणि पगार पाच तारखेला होता.

एरवी तो हळहळला असता आणि गप्प बसला असता. पण आज एक नोव्हेंबर. गेलेली माणसं दुपारी बाराच्या ठोक्याला आपापल्या घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. तीन वर्षं येतात. तिसऱ्या वर्षी त्यांना पोटभर जेवू घालून, चार शब्द बोलून कायमचा निरोप द्यायचा असतो. मग ती पुन्हा पान मागत नाहीत. प्लासिदोची बायको तोमासा जाऊन हे तिसरं वर्ष होतं.

पहिल्या वर्षी गोदामाच्या मालकाने सुटी दिली नाही. दुसऱ्या वर्षी बदली माणूस मिळाला नाही. खरं सांगायचं तर प्लासिदोने तो मागितलाच नाही. काही मागायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. पोरबाळ नव्हतं, म्हणून दोन्ही वर्षं चुल्यारीतल्या घराला कुलूपच राहिलं. दोन वर्षं ती बाई बारा वाजता दारात आली असेल, कुलूप पाहिलं असेल आणि उपाशी परत गेली असेल. या विचाराने त्याला रात्रपाळीत दरदरून घाम फुटायचा.

यंदा मात्र त्याने महिनाभर आधी सुटी मागून घेतली होती आणि मांडीवर गाठोडं घेऊन निघाला होता. गाठोडं तोमासाने स्वतः विणलेल्या रंगीत जाड फडक्याचं, ज्यात तिने आयुष्यभर बटाटे पाठीला बांधून वाहिले. आत तोमासाच्या जागी पानावर बसवायची, दोन वेण्यांची, रंगवलेल्या तोंडाची पावाची मोठी बाहुली होती. आत्म्याला वरून उतरायला पावाचीच शिडी होती. शिवाय उसाची दोन कांडकी, पातीचा कांदा, चघळायची कोकाची पानं, संत्री, बारके पाव आणि डब्यात तिच्या आवडीचं वाळवलेलं मांस नि सुकवलेले काळे बटाटे.

बस हलली. प्लासिदोच्या मनात आलं, तोमासा असती तर बस हललीच नसती.

कारण ती तशीच होती. हक्काचं सोडायचं नाही आणि फुकटचं घ्यायचं नाही. बाजारात नोट हातात आली की ती उजेडापुढे धरायची, आणि तेवढा वेळ प्लासिदो दुसरीकडे बघत उभा राहायचा. एकदा याच रस्त्यावर, काराकोल्योला, बसवाल्याने तिच्याकडून दहा पेसो जादा घेतले. ती पायरीवर, दाराच्या दोन्ही बाजूंना हात टेकून उभी राहिली. म्हणाली, दहा द्या नाहीतर मला तुडवून दार लावा. बस चाळीस मिनिटं जागची हलली नाही. लोकांनी शिव्या दिल्या, कोणी संत्र्याची सालं फेकली. प्लासिदो तिच्याजवळ गेला आणि पुटपुटला, "लाज आणतेस. बस झालं." मग तो मागच्या बाकावर जाऊन बसला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला, जणू ती बाई त्याची कोणी लागतच नव्हती. तिने दहा पेसो घेतले. पहिली नोट फाटकी निघाली, ती बदलून घेतली, आणि मग ती शेजारी येऊन बसली. घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

बस ओरुरोला पोचली तेव्हा सव्वानऊ झाले होते. स्थानकात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. जो तो पाव, फुलं, ऊस सांभाळत गावाच्या गाड्यांकडे पळत होता. चुल्यारीच्या गाडीवाल्याला प्लासिदोने अडखळत विचारलं, "पैसे पाच तारखेनंतर दिले तर चालतील?"

"उधार? आज?" गाडीवाला हसला. "काका, आज सगळ्या पठाराचे मेलेले घरी यायचे. उधारीवर न्यायला लागलो तर मीही त्यांच्यातच जाईन."

"बसवाल्याने वाटेत तीस जादा घेतले हो."

"मग परत घ्या ना. आत तक्रारीची खिडकी आहे, काल एकाला परत मिळाले माझ्यासमोर. शेवटची गाडी अकराला. त्यानंतर मीही माझ्या घरी पान मांडायला जाणार."

तक्रारीच्या खिडकीला लोखंडी गज होते आणि पुढे एक रुंद फळी होती. आत निएवेस नावाची तरुण बाई होती. आज ड्यूटी लागली म्हणून तिचा चेहरा आंबला होता. तिने तिकीट उलटसुलट करून पाहिलं.

"काका, यावर तीस आहेत. भाडं तीसच आहे. तुम्हाला बरोबर लावलंय."

"नंतर घेतले मॅडम, वाटेत. आणखी तीस."

"पावती?"

"पावती कसली देतोय तो."

"मग मी लिहू काय?" ती वाईट नव्हती, नुसती थकलेली होती. "हे बघा, त्याच बसमधली दोन माणसं आणा, तिकिटांसकट. तिघांनी सांगितलं की मी त्या माणसाला इथे बोलावते आणि या फळीवर पैसे मोजायला लावते. एकट्याचं मी काही करू शकत नाही, तो कानावर हात ठेवतो."

दोन माणसं. चाळीसातली दोन. प्लासिदोला वाटलं, एवढंच ना. तो धावत बाहेर गेला. त्या वयात आणि त्या उंचीवर धावणं म्हणजे छातीत भाता फुंकणं. पुढच्या बाकावर बसलेली गोल हॅटवाली जाडी बाई त्याला भाजीच्या गाडीपाशी सापडली.

"ताई, ते तीस पेसो परत मिळतात. फक्त खिडकीपाशी येऊन सांगायचं."

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. कदाचित एक."

"भाऊ, माझा बाप बाराला येतो. जिवंतपणी तो कधी कोणासाठी पाच मिनिटं थांबला नाही. मेल्यावर थांबेल होय?" तिने पावाची टोपली डोक्यावर घेतली आणि ती गेली.

टाय लावलेला एक मास्तर भेटला. तो बसमध्ये सगळ्यांत जास्त कुरकुरला होता. "लुटारू आहेत लेकाचे," तो म्हणाला. "माझं नाव लिहून द्या. सांगा, मास्तरांनी सांगितलं म्हणून."

"तुम्हीच या ना. तिकीट लागतं."

"आत्ता? अहो, आईचं पहिलं वर्ष आहे. अजून पान मांडायचंय." आणि तोही गर्दीत मिसळला.

तिसरा चालत्या गाडीच्या टपावर चढत होता, त्याने ऐकलंच नाही. चौथीने ऐकलं, हळहळली, आणि म्हणाली देव बघून घेईल. दहापर्यंत प्लासिदो स्थानकाच्या तीन फेऱ्या मारून आला. त्या निळ्या बसमधलं एकही माणूस आता तिथे उरलं नव्हतं.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. हा जादा आकार रेम्बेर्तोने आजच का घेतला, परवा परतीच्या वेळी का नाही? गर्दी परवाही असणारच. पण आज कोणी थांबू शकत नाही. आज प्रत्येकाच्या दाराशी बारा वाजता कोणीतरी उभं राहणार, आणि तीस पेसोंसाठी आपल्या माणसाला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवणारा या पठारावर जन्मला नाही. मेलेल्यांच्या घाईवर हा माणूस जिवंतांचा खिसा कापत होता. प्लासिदोला राग आला. राग त्याला क्वचित यायचा, त्यामुळे त्याचं काय करायचं हे त्याला नीट कळत नसे.

तो निळ्या बसच्या गाळ्यावर गेला. रेम्बेर्तो सूप पीत होता.

"माझे तीस परत द्या."

"कसले तीस?"

"वाटेत घेतलेले. मला पुढे जायला पैसे नाहीत. माझ्या बायकोचं तिसरं वर्ष आहे."

"काका, तुम्ही खुशीने दिलेत. मी दार उघडं ठेवलं होतं की नाही?" रेम्बेर्तोने सूपमध्ये पाव बुडवला. "हे बघा, आज सगळ्यांचंच कोणी ना कोणी येतं. माझी आई येते. बाराला मीही घरी असणार. तुमचं गाऱ्हाणं पुढच्या आठवड्यात बघू."

प्लासिदो गाळ्यापुढेच उभा राहिला. मागे माणसं तिकिटासाठी खोळंबली होती, एक जण म्हणाला, "आजोबा, सरका की." तो सरकला. आयुष्यभर तो सरकतच आला होता.

अकराला दहा कमी असताना तो चुल्यारीच्या गाडीपाशी उभा होता. गाडी भरली होती, एकच जागा होती. आपण याचना करू, रडू, गुडघे टेकू, असं तो मनाशी म्हणत होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. एवढ्यात गाडीतल्या एका बाईने त्याच्या गाठोड्यातून डोकावणारी बाहुली पाहिली.

"काका, ती बाहुली विकता का? माझी वाटेत मोडली हो. बारा पेसो देते."

बारा आणि खिशातले चार. सोळा. गाडीवाल्यानेही ऐकलं आणि त्याने दार धरून ठेवलं.

प्लासिदोने बाहुली बाहेर काढली. पावावर साखरेच्या पाण्याची चकाकी होती. तोंड बाजारातून घेतलेलं, तयार साच्यातलं, कोणाच्याही बाईचं. पण त्याने काल रात्री गोदामात बसून सुईने तिच्या डाव्या भुवईवर एक रेघ ओढली होती, तोमासाला लहानपणी लागलेल्या विळ्याची. बाहुलीशिवायही पान मांडता आलं असतं. शिडी होती, ऊस होता, जेवण होतं. घर तरी उघडं मिळालं असतं तिला. सगळं खरं होतं. बाईने नोट आणि नाणी पुढे केली. प्लासिदोचा हात उचलला गेला आणि तिथेच थांबला. एकदा चाळीस माणसांसमोर त्याने तिला परकी केली होती. आज तिला बारा पेसोंना देऊन तो तिच्याच भेटीला निघाला होता.

"नाही विकायची," तो म्हणाला.

"काका, बसायचं असेल तर बसा, नसेल तर हात काढा," गाडीवाला म्हणाला. प्लासिदोने दारावरचा हात काढला. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो बघत राहिला, मग बाहुली उराशी धरून लहान पोरासारखा रडला. कोणी थांबलं नाही. त्या दिवशी रडणारी माणसं पैशाला पासरी असतात.

चुल्यारीला चालत पोचायला संध्याकाळ झाली असती. बाराला ती येणार, तिसऱ्यांदा कुलूप पाहणार, आणि चौथी वेळ नव्हती. तो स्थानकात परत आला ते जायला दुसरी जागा नव्हती म्हणून. खिडकीपुढे आता रांग नव्हती. निएवेसने मान वर केली.

"माणसं मिळाली?"

"नाही."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. प्लासिदो फळीला टेकून उभा राहिला. गज, शिक्का, सही करायची दोरीला बांधलेली लेखणी. अशा खिडक्यांपुढे तोमासाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पाण्याचं बिल, जमिनीचा कागद, दहा पेसो. आपला नवरा तीस पेसोंना लुटला गेलाय आणि मुकाट उभा आहे, हे तिला वर कळलं असेल तर ती चुल्यारीच्या कुलपाशी कशाला जाईल? ती इथेच येईल, तरातरा, कमरेला हात लावून. हे खरं की नुसतं मनाचं समाधान, ते त्याला ठरवता येईना. वेळही नव्हता.

त्याने फळीवर तिचं फडकं पसरलं.

"काका, काय करताय? इथे नाही चालणार," निएवेस म्हणाली.

"मॅडम, अर्धा तास. नंतर पोलिसांना बोलवा."

त्याने उसाची कांडकी दोन्ही बाजूंच्या गजांना बांधली. मध्ये बाहुली टेकवून बसवली, शिडी लावली, कांद्याची पात, संत्री, कोकाची पानं मांडली. डबा उघडला. प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे गेली. निएवेसने आपला शिक्का नि कागद उचलून बाजूला घेतले आणि टेबलावरचा पाण्याचा पेला गजांतून बाहेर सरकवला. "पाणी राहिलं," ती म्हणाली. "लांबून येतात. तहान लागते."

गाडी चुकलेली पाचसात माणसं जवळ आली. एक म्हातारी, दोन हमाल. त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. चर्चच्या घंटा वाजू लागल्या तेव्हा गर्दीमुळे उशीर झालेला रेम्बेर्तो गाळा बंद करून, हातात फुलांची जुडी घेऊन, दाराकडे निघाला होता. दार खिडकीच्या पलीकडेच. मांडलेल्या पानाला पाठ दाखवून कोणी जात नाही; दोन ओळींची प्रार्थना म्हणायची, पाव घ्यायचा आणि मग जायचं. बाराचा ठोका असेल तर पाय उचलतच नाही. रेम्बेर्तो थांबला, टोपी काढली, आणि रिवाजाप्रमाणे खाली बघूनच विचारलं, "कोणाच्या नावाने म्हणू?"

"तोमासाच्या," प्लासिदो म्हणाला. आपला आवाज इतका मोठा येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "माझी बायको. काराकोल्योला दहा पेसोंसाठी बस अडवून धरली होती ती."

रेम्बेर्तोने मान वर केली. तो आधी प्लासिदोकडे, मग बाहुलीकडे, मग तिच्या भुवईकडे बघत राहिला.

"दारात उभी राहिलेली?" तो हळू म्हणाला. "ती माझी बस होती. चाळीस मिनिटं. मालकाने माझी दिवसाची मजुरी कापली." घंटा अजून वाजत होत्या. "लोक सालं मारत होते तिला. आम्ही म्हणायचो, या बाईला कोणी आहे की नाही? नवरा कुठे गेला हिचा?"

सगळे ऐकत होते. निएवेसही.

"मागच्या बाकावर होतो," प्लासिदो म्हणाला. "तिथेच होतो मी."

म्हातारीने प्रार्थना सुरू केली आणि रेम्बेर्तो तिच्यामागून भराभर ओठ हलवू लागला. संपल्यावर तो जागचा हलला नाही. फुलांची जुडी त्याने या हातातून त्या हातात घेतली. "हिचे पैसे खिशात घेऊन मी आईपुढे कसा जाऊ?" तो स्वतःशीच म्हणाला. त्याने पाकीट काढलं आणि बाहुलीच्या पायाशी दहाच्या तीन नोटा ठेवल्या.

प्रार्थना म्हणणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. प्लासिदोने त्याला एक पाव दिला, तोही चांगला, मोठा. मग त्याने तिन्ही नोटा उचलल्या आणि एकेक करून घड्याळाखालच्या दिव्यापुढे धरल्या. चुल्यारीचं घर बंदच होतं. ती तिकडे गेली की इथे आली, हे त्याला उभ्या जन्मात कळणार नव्हतं. तिसरी नोट मधोमध फाटून चिकटवलेली होती.

"ही फाटकी आहे," तो म्हणाला. "बदलून द्या."

मागे कोणीतरी पुटपुटलं, जाऊ द्या हो काका, आजच्या दिवशी. रेम्बेर्तोने पाकीट पुन्हा उघडलं. प्लासिदो सगळ्यांच्या समोर हात पुढे करून उभा राहिला, आणि दुसरी नोट हातात पडेपर्यंत त्याने नजर हलवली नाही.